धुराशिवायची शेकोटी

काल अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहो या तलावाजवळ तंबूत मुक्काम केला. ऑगस्ट असला तरी सहा हजार फुटांवर रात्री चांगलंच गारठतं. पण उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने इथल्या जंगलात लाकूड-कोळसा पेटवायला बंदी असते. बंद करायचा व्हॉल्व्ह असलेलं गॅसचं उपकरण चालतं, म्हणून प्रोपेनचं फायर पिट, म्हणजे गॅसवरची शेकोटी, नेलं.

बाबा साताऱ्याहून आलेत. आधी म्हणाले, "अगं, यात लाकडं कुठायत?" धूर नाही, लाकडाचा तडतडाट नाही, लाव्हाच्या दगडांतून नुसत्या निळ्या-पिवळ्या ज्वाळा. तो वास मलाही आठवला, खोटं कशाला बोलू. पण येताना हायवे ५० वर जळून काळे पडलेले झाडांचे बुंधे आम्ही पाहिले होते. २०२१ च्या काल्डोर वणव्यात अख्खं साऊथ लेक टाहो शहर रिकामं करावं लागलं होतं. ते पाहिल्यावर बंदीबद्दल तक्रार करवत नाही.

दीड-दोन तासांनी बाबांनी सिलिंडरला हात लावला नि दचकलेच. खालचा भाग गारठणक, त्यावर दव साचलेलं! द्रव प्रोपेनचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, हे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा हात लावून पाहिला. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साठतो, म्हणून पिट तंबूपासून लांब, मोकळ्यावर ठेवलं होतं.

झोपायला जाताना बाबा सवयीने निखाऱ्यांवर ओतायला तांब्याभर पाणी घेऊन आले. "बाबा, नुसता व्हॉल्व्ह बंद करायचा." त्यांनी स्वतः फिरवला. मग दगड गार होईपर्यंत तिथेच बसून राहिले.