शिंपले, चिंचोके आणि ताराबाईंची अंगणवाडी

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी योजनेबरोबर आला, असं बऱ्याच जणांना वाटतं. एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. हा शब्द आणि त्यामागची कल्पना त्याच्या कितीतरी आधी ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) किनाऱ्यावर, बोर्डीत रुजली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी तिथे बालवाडी काढली. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी.

ताराबाई १९१४ च्या बी.ए. गुजरातेत भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९३६ ला दादरला शिशुविहार उभारलं. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. मुंबईतलं बस्तान बसलेलं असताना या वयात खेड्यात जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! सोबत आलेल्या अनुताई पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, तिथून शिकत शिक्षिका झालेल्या.

दोघींपुढची अडचण साहित्याची होती. माँटेसोरीचा संच, म्हणजे इटलीच्या मारिया माँटेसोरींनी घडवलेलं खेळत शिकायचं साहित्य, हे सुताराचं नेमकं काम. गुलाबी मनोऱ्यात १० घन, सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा आणि मोठा १० सेंटिमीटरचा. लांबीच्या १० काठ्या, १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत. दट्ट्यांचे, म्हणजे खाचांत बसवायच्या मुठीच्या लाकडी नळकांड्यांचे, चार ठोकळे, प्रत्येकात १० दट्टे. आवाजाच्या डब्यांच्या ६ जोड्या. खेड्यातल्या बालवाडीला हे परवडणारं नव्हतं. मग शंख-शिंपले, खडे, पानं, फुलं, बिया, काटक्या आल्या. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण नुसते खडे मांडून काही होत नाही. माँटेसोरी साहित्याचा जीव एका नियमात आहे: एका वेळी एकच गुण बदलायचा, बाकी सगळं सारखं ठेवायचं. लाकूड सोडलं तरी चालतं. हा नियम सोडला की उरतो फक्त पसारा.

पानांचा खेळ घ्या. वड, पिंपळ, आंबा, आपटा, बेल अशी पाच झाडं आणि प्रत्येकाची दोन पानं. एक संच चटईवर ओळीत मांडायचा, दुसरा मुलाच्या हातात द्यायचा. मूल एकेक पान जोडीदाराशेजारी ठेवतं. आता यात आंब्याचं एक पान वीतभर आणि दुसरं बोटभर आलं, की मूल आकार सोडून लहान-मोठं बघायला लागतं आणि जोडी चुकवतं. चूक त्याची नसते, मांडणाऱ्याची असते. कोवळं तांबूस पान आणि जून हिरवं पान एकत्र केलं तरी तेच होतं. पानं सकाळीच तोडायची. दुपारपर्यंत कडा वळतात आणि आपट्याची ती जोड-पानाची खूण ओळखू येत नाही. पहिल्या दिवशी पाचांऐवजी तीनच जोड्या, त्याही अगदी वेगळ्या दिसणाऱ्या. वड आणि फणस शेजारी मांडले तर मोठी माणसंसुद्धा थबकतील.

लांबीच्या काठ्या बांबूच्या करता येतात, पण गोल बांबू तोडून नव्हे. बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक असल्याने लांबीबरोबर जाडीही बदलते आणि नियम मोडतो. वाळलेला बांबू चिरून दोन सेंटिमीटर रुंदीच्या सारख्या कांबी काढाव्यात, करवतीने १०, २०, ३० असं करत १०० सेंटिमीटरपर्यंत दहा तुकडे करावेत. एकूण साडेपाच मीटर कांब लागते. कापताना वाया जातं ते धरून सात मीटर घ्यावी. कडा पॉलिशपेपरने घासायच्याच. बांबूची कूस एकदा बोटात गेली की ते मूल आठवडाभर त्या खेळाकडे फिरकत नाही.

आवाजाच्या डब्यांसाठी सारख्या बारा काड्यापेट्या पुरतात. सहा वस्तू आणि प्रत्येक वस्तूच्या दोन पेट्या: बारीक वाळू, भरड वाळू, तांदूळ, वाल, चिंचोके, खडे. पेटी एक तृतीयांशच भरायची. जास्त भरली की आत हलायला जागा राहत नाही आणि आवाज दबतो. जोडीतल्या दोन्ही पेट्यांत माप एकच हवं, अंदाजाने नको, चमच्याने मोजून. वर कागद चिकटवून बंद करायच्या. कोकणपट्टीतल्या दमट हवेत वालाला भुंगे लागतात आणि महिन्याभरात आवाज बदलतो; म्हणून धान्य आधी कडकडीत उन्हात वाळवायचं आणि पावसाळ्यानंतर पेट्या नव्याने भरायच्या.

बियांबाबत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गुंजा दिसायला फार मोहक, लाल-काळ्या, एकसारख्या. मोजायला याहून सुंदर वस्तू नाही. पण गुंज चावली गेली तर जीवावर बेतते. एरंडाची आणि धोत्र्याची बीही तशीच, त्या पेटीत नकोतच. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चिंचोके, खडे सुटे देऊ नयेत. चिंचोका तोंडात तसा नाकातही जातो, आणि आत ओला होऊन फुगतो.

आता गाणी-गोष्टींकडे. करमणूक म्हणजे शिकवून झाल्यावरचा खाऊ, असा आपला समज. या परंपरेत तीच पहिली पायरी होती. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, भोवती वारली पाडे. वारल्यांच्या घरची बोली आणि बाईंची पुस्तकी मराठी यांत अंतर होतं. अशा जागी मुलाला ‘तुझं नाव काय’ विचारलं तर ते खाली बघतं. हातवाऱ्यांचं गाणं घेतलं तर तोंडातून शब्द निघाला नाही तरी हात हलतात, आणि दोन-चार दिवसांनी शब्दही येतात. गाणं चार ते सहा ओळींचं, दर ओळीला एक हालचाल. बाईंनी चाल मुलांच्या पट्टीत धरायची. बाईंना सोपा पडतो तो खालचा सूर मुलांच्या गळ्यात बसत नाही आणि मग ती ओरडतात.

गोष्टीला सात-आठ मिनिटं पुरतात. अर्धवर्तुळात बसायचं, बाईही जमिनीवर. तीच गोष्ट आठवडाभर, त्याच शब्दांत. मोठ्यांना याचा कंटाळा येतो, मुलांना नाही. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणायचं राहिलं तर चार वर्षांचं पोर लगेच टोकतं. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ विचारणं हा तिचा गळा आवळण्याचा खात्रीचा उपाय. गिजुभाईंनी आनंद हेच गोष्टीचं पहिलं प्रयोजन मानलं होतं, आणि ताराबाई त्याच मुशीतल्या.

आजच्या अनेक खाजगी बालवाड्यांत भिंतभर छापील तक्ते असतात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल. पंच्याहत्तरहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या अंगणापेक्षा ही मागची पायरी आहे, असं आमचं स्पष्ट मत.

कोसबाडला पुढे कुरणशाळाही निघाली: गुरं राखणारी मुलं शाळेत येणार नाहीत, म्हणून शिक्षकच कुरणात जायचा. आणि विकासवाडी, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. त्यामागचं कारण अगदी घरगुती होतं. आईबाप कामावर गेले की धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण घरी थांबायची, तिची शाळा बुडायची. पाळणाघर शाळेला लागून असलं की ती कडेवरचं बाळ तिथे ठेवायची आणि शेजारच्या खोलीत जाऊन पाटी घेऊन बसायची.