कुणकेश्वरची वाट

महाशिवरात्रीला आमच्या देवाची स्वारी देवगडजवळच्या कुणकेश्वरला, समुद्रकाठच्या शंकराच्या देवळाला, निघाली की मी कॅमेरा घेऊनच चालतो. गावातल्या काहींना ते आवडत नाही. देवाबरोबर जायचं तर हात मोकळे हवेत, असं त्यांचं म्हणणं. मला पटत नाही. कोणी निशाण धरतो, कोणी अबदागीर, कोणी ढोल बडवतो. माझी चाकरी ही. वडिलांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर शिकलो. एका रोलात फोटो १२च, त्यामुळे आधी नीट बघायचं आणि मग बटण दाबायचं, ही सवय आजही आहे. गेल्या वर्षीच्या फोटोंचे प्रिंट पिशवीत असतात, ज्याचा त्याला देत जातो.

दुपारी सड्यावर पाय भाजायला लागले. अनवाणी होतो. उन्हात तापलेल्या जांभ्यावर पाऊल टेकवत नव्हतं. टाचेला आलेला फोड फुटला आणि मी मागे पडलो. तरंगं, म्हणजे देवाचे वस्त्रं नेसवलेले खांब, वळणाआड गेली, ढोल लांबून ऐकू येऊ लागला. तेवढ्यात मोटारसायकलवरची पोरं ‘हर हर महादेव’ ओरडत, अंगावर धुरळा उडवत निघून गेली. असा संताप आला! खरं सांगतो, देवाचाही आला.

कलमांच्या बागेच्या गडग्याशी एक आजी उभी होती. मोहरावर नुकतीच फवारणी झाली असावी, वास येत होता.

“हयसर बस, झिला. पाय दाखव.”

तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला. फोड धुऊन त्यावर जुन्या धोतराची पट्टी बांधली. दुसऱ्या टाचेच्या भेगांत कोकमाचं तेल स्वतःच्या बोटांनी भरलं. मी संकोचून पाय मागे घेत होतो, ती सोडत नव्हती. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “काढतत सगळे. देता कोण?”

मी पिशवीतले प्रिंट दाखवले. एकेक निरखून पाहिला आणि काही न बोलता आत जाऊन भिंतीवरची तसबीर काढून आणली. “ह्यांचो फोटो. काय करूक येयत?”

स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यापुढे टोपी घातलेला तरुण माणूस. किती पावसाळ्यांची ओल खाऊन फोटो काचेला चिकटला होता. ओढून सोडवला असता तर चेहरा काचेवरच राहिला असता. म्हणून काचेसकटच त्याचा फोटो काढायचं ठरवलं. तसबीर पडवीत उभी केली. काचेत अंगणातलं ऊन आणि मी, दोघेही दिसत होतो. सरळ समोरून काढताना पोलरायझरचा, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरचा, उपयोग नसतो. समोर काळं काही धरावं लागतं. आजीची काळी छत्री उघडली, ती माझ्या पाठीशी धरून उभी राहिली आणि काच एकदम स्वच्छ झाली. उजेड फक्त बाजूने येत होता. मागच्या स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. सदऱ्याची वरची गुंडी बाकीच्यांहून वेगळी होती.

“ती गुंडी माझ्या हातची,” आजी म्हणाली.

संध्याकाळी लंगडतच स्वारी गाठली. मिठबावला गजबादेवीला हात जोडले, पुढचं कातवण गाव कधी मागे पडलं कळलंही नाही. कुणकेश्वराचं दर्शन झालं. अमावास्येला पहाटे तरंगं समुद्रात उतरली तेव्हा पुढे नुसते मोबाईल उंचावलेले. चिडचिड झाली, म्हणून कमरेइतक्या पाण्यात शिरलो. लाट आली, देव भिजले, मी भिजलो, आणि ओरडताना माझा आवाज कुठला नि लोकांचा कुठला, कळेना. लेन्सच्या फिल्टरवर खारे थेंब. ते सुकू न देता गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपून घेतले.

आजीच्या फोटोवर सध्या बसलोय. चेहऱ्यावरचे तपकिरी डाग काढले, पडद्यावरचे राहू दिले. शिमग्याला तिचा मुलगा मुंबईहून येईल, त्याआधी नवी तसबीर पोचवायची आहे. या वेळी काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं माउंट घालायला सांगितलंय, म्हणजे भिंतीला ओल आली तरी कागद काचेला टेकणार नाही.