नाक धरायची सवय

काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पोहण्याचं काही सांगू नका मॅडम, मी विहिरीत शिकलोय." आणि ते खरंच होतं. वेल्ह्याकडचं गाव, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेले, भोसरीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायच्या, ओपन वॉटर या पहिल्या कोर्ससाठी 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि 10 मिनिटं तरंगावं लागतं. निम्म्या वयाची मुलं त्यात दमतात. काका बाहेर आले ते गप्पा मारतच.

मी पुण्यात पोहण्याच्या टँकवर स्कूबा शिकवते आणि तयार झालेल्यांना पुढे मालवणला समुद्रात नेते. काका माझ्याकडे आले तेही मालवणमुळेच. तारकर्लीला सहलीत त्यांनी पर्यटकांची ती छोटी डाइव्ह केली होती. "त्या पोराने मानगुटीला धरून फिरवलं मला. मासे दिसले, पण पाहुण्यासारखे. मला माझं मी फिरायचंय."

डॉक्टरांचा दाखला आणला, पुस्तकातला भाग पाठ केला, आणि डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कपाशी अडकले.

पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरणारच. पायातल्या फिनचा धक्का लागतो, केस अडकतात, पट्टा सरकतो. ते काढायची रीत सोपी आहे: मास्कची वरची कड कपाळावर बोटांनी दाबायची, किंचित वर बघायचं आणि नाकाने सावकाश हवा सोडायची. हवा वर साठते, पाणी खालच्या कडेने निघून जातं. त्यापुढची पायरी म्हणजे मास्क पूर्ण काढायचा, त्याच्याशिवाय एक मिनिट रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरलेल्या हवेच्या यंत्रातून, श्वास घ्यायचा, मग मास्क घालून रिकामा करायचा. अडचण एकच असते, नाक उघडं पाण्यात आणि श्वास मात्र तोंडाने. शरीराला ते पटत नाही.

पहिल्या प्रयत्नात काकांनी मास्क काढला, रेग्युलेटर थुंकला आणि थेट वर झेप घेतली. मी त्यांच्या बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जाकिटाचा, पट्टा धरूनच होते, तरी एका क्षणात आम्ही दोघं वर होतो. माझे हात थरथरत होते. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो, आणि स्कूबात श्वास कोंडून वर येण्याएवढी धोक्याची दुसरी गोष्ट नाही. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते, आणि सगळ्यात वेगाने फुगते ती शेवटच्या काही मीटरमध्ये. म्हणजे टँकच्या खोलीतसुद्धा फुप्फुस फाटू शकतं. मी त्यांना हे सगळं पुन्हा समजावलं. त्यांना सगळं समजत होतं. पुढच्या पाच सेशनमध्ये पाचही वेळा तेच झालं.

सहाव्या सेशननंतर मी मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं, की काका, आपण इथे थांबूया. ते बोलायच्या बेतानेच त्या रविवारी टँकवर गेले. काका माझ्याआधी आले होते आणि खोल बाजूला अंग मोकळं करत होते. त्यांनी काठावरून मुटका मारला. गुडघे पोटाशी, एक हात गुडघ्यांना आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत नाक.

मी त्यांना आणखी एक मुटका मारायला लावला. पुन्हा नाक चिमटीत.

पाण्याखाली मास्क काढल्यावर दर वेळी त्यांचा उजवा हात चेहऱ्याकडे जायचा. मला वाटायचं, ते मास्क चाचपतायत. ते नाक धरायला जात होते! हात नाकाकडे गेला की श्वास आपोआप बंद, कारण विहिरीत उडी मारताना पोरवयापासून या दोन गोष्टी एकत्रच झालेल्या. मी सहा सेशन त्यांच्या भीतीवर बोलत राहिले आणि त्या हाताकडे नीट बघितलंच नाही. ही चूक माझी होती आणि ती अजून सलते.

त्या दिवशी डाइव्ह केली नाही. त्यांना स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, देऊन घरी पाठवलं. बादलीत तोंड बुडवायचं, मास्क नाही, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, आणि स्नॉर्कलने श्वास घ्यायचा. सकाळ-संध्याकाळ. काकू शेजारी मोबाइलवर वेळ लावून बसायच्या. तीन आठवड्यांनी काकांनी वही दाखवली. कारखान्यातल्या सवयीने रकाने आखलेले: तारीख, सेकंद, शेरा. पहिल्या ओळीत '6, ठसका'. खाली कुठेतरी '22, हात सुटला'. मग '40, नाकात गेलं, उठलो नाही'. शेवटच्या पानावर नुसतेच आकडे होते, शेऱ्याचा रकाना रिकामा.

जानेवारीतली सकाळ होती. टँकच्या पाण्यावर वाफ धरलेली, 3 मिलिमीटरच्या सूटमधूनही गारठा आत शिरत होता. आम्ही तळाशी गुडघ्यांवर बसलो. अर्धा मास्क भरला, रिकामा केला. पूर्ण भरला, रिकामा केला. मी खूण केली आणि काकांनी मास्क काढून मांडीवर धरला. डोळे घट्ट मिटलेले. मी घड्याळ बघत नव्हते, त्यांचे बुडबुडे बघत होते. बुडबुडे थांबले की श्वास थांबला. विसाव्या सेकंदाच्या आसपास उजवा हात उचलला गेला, छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बुडबुडे चालू होते. हात सावकाश खाली गेला, परत मांडीवर.

मिनिट झाल्यावर मी त्यांच्या दंडाला दोनदा हात लावला. त्यांनी मास्क चढवला, पट्टा कानावर दुमडला होता तो सोडवला आणि तीन श्वासांत पाणी काढलं. काचेमागे लाल झालेले डोळे दिसले, आणि मग ओकेची खूण. मी तेच पुन्हा करायला लावलं, कारण एकदा जमलं म्हणजे आलं असं मी धरत नाही. दुसऱ्यांदा हात उचललाच नाही.

वर आल्यावर ते आधी काठावर बसलेल्या काकूंना म्हणाले, "लिही गं, साठ."

फेब्रुवारीत मालवणला कोर्सच्या चारही डाइव्ह झाल्या. खाऱ्या पाण्यातही मास्क काढला, घातला. शेवटच्या डाइव्हनंतर त्यांना त्याच रात्री गाडी काढून पुण्याला परतायचं होतं, नातीला सांगायची घाई होती. मी जाऊ दिलं नाही. डाइव्हमध्ये अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचावरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून अशा लागोपाठच्या डाइव्हनंतर विमान पकडायचं तर किमान 18 तास थांबा, असं सांगतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, वाटेतला घाट त्याहून उंच, म्हणून घाटालाही मी तोच नियम लावते. काकांनी वाद घातला नाही. लॉगबुकात माझी सही घेतली आणि जेवून अंगणात बाजेवर आडवे झाले.