एक ओळ वाढवायची परवानगी

इंग्लंडात चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडून आपल्याच गल्लीतल्या माणसांपुढे हक्क शाबूत असलेलं नाटक करायचं म्हटलं तरी आधी हक्कदाराकडून परवाना काढावा लागतो. तिकीट लावलं नाही तरी लागतो. हे मला ठाऊक होतं. परवान्यात संहितेतला शब्दही बदलायचा नाही असं कलम असतं, हेही कानावर होतं. पण ते कलम माणसं खरोखर पाळतात, आणि तीही निवृत्तीनंतर हौसेने नाटक करणारी, ज्यांच्यावर पाळत ठेवायला कुणी फिरकणार नाही अशी माणसं, हे या ईस्टरच्या तालमीत कळलं. अजून पचलेलं नाही, म्हणून लिहितोय.

लेस्टरजवळच्या आमच्या गावात चर्चचा एक हौशी नाटक गट आहे. नाताळला येशूजन्म, ईस्टरच्या आधी एखादं संगीत नाटक. यंदा येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट होती. जाळं टाकून गुरूमागे निघालेला कोळी, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा भित्रा. मला काम मिळालं ते मुख्य याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी उभ्या असलेल्या माणसाचं. वाक्य एकच. बायबलात मत्तयाच्या २६व्या अध्यायात आहे तेच: तू त्यांच्यातलाच, तुझ्या बोलण्यावरून कळतंय.

आमच्या बेळगावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाटकं लिहायचे ते शाळेतले सर. ज्यांनी सरांचं नाटक पाहिलंय त्यांना हा प्रवेश सांगायला नको. सरांनी त्या माणसाला अस्सल आपल्याकडची भाषा दिली होती. “काय बे, तू बी त्यांच्यातलाच की! तोंड उघडलास की कळतंय, गालीलाकडचा हैस म्हणून.” हॉल डोक्यावर घेतला जायचा. हसणाऱ्यांत निम्मे असे, ज्यांना पुण्यात शिकायला गेल्यावर दुसऱ्याच वाक्याला “तुम्ही कोल्हापूरकडचे का?” असं विचारलं गेलेलं, आणि उरलेले बेंगळुरूच्या ऑफिसात आपलं कन्नड ऐकून समोरच्याच्या भुवया वर गेलेले बघणारे. पेत्र आमच्या लेखी गालीलचा नव्हताच. खानापूर तालुक्यातून शहरात आलेला साधा माणूस होता, तोंड उघडलं की पकडला जाणारा.

आता तेच वाक्य इंग्रजीत, माझ्या तोंडून. पहिल्याच वाचनाला सगळे खदखदून हसले. ज्याचा उच्चार गावात सगळ्यात वेगळा, तोच दुसऱ्याला उच्चारावरून पकडतोय. मला राग आला नाही. नटाला हशा मिळाला की राग येत नाही. मी दिग्दर्शकाला म्हटलं, इथे एक ओळ घालूया. पेत्र वळून माझ्याकडे बघेल आणि मी म्हणेन, “मला नाही कळणार तर कुणाला?” एवढंच. दिग्दर्शकाला आवडली. पेत्र करणाऱ्या प्लंबरलाही आवडली. मग सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढला आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की त्यासाठी लिहून परवानगी मागावी लागेल.

मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हत्या. त्यांनी परवाना देणाऱ्या कंपनीला रीतसर ईमेल पाठवली, माझी ओळ अवतरणचिन्हात घालून, पान आणि प्रवेशाच्या क्रमांकासकट. उत्तर यायला बराच वेळ गेला. आलं ते नम्र होतं आणि नकाराचं होतं. ओळ गेली.

परवाना प्रकरण काय असतं ते थोडक्यात सांगतो. अर्जात प्रयोग किती, खुर्च्या किती, तिकीट केवढ्याचं, हे सगळं भरायचं. त्यावर रक्कम ठरते. चित्रीकरण करायचं नाही, म्हणून आईला मोबाइलवर एक गाणंही पाठवता आलं नाही. वाद्यांच्या नोटेशनची पुस्तकं भाड्याने येतात आणि परत पाठवताना त्यांवरची पेन्सिलीची प्रत्येक खूण खोडावी लागते. शेवटचा प्रयोग झाल्यावर आपण जिथे मिसळ किंवा बिर्याणीची ऑर्डर देतो, तिथे ही माणसं खोडरबर घेऊन बसतात. नटांचं, वादकांचं, पाळकबाईंचं, सगळ्यांचं डोकं खाली आणि टेबलावर रबराचा भुगा. सेक्रेटरीबाई एकेक पान दिव्याखाली धरून तपासतात.

(लहान मुलांचे नियम वेगळेच. १२ मुलांमागे निदान एक मान्यताप्राप्त सांभाळणारा हवा. आपल्याकडे मेंढरं झालेली पोरं विंगेत गादीवर झोपून जायची आणि पडद्याआधी कुणीतरी उचलून आणायचं. ह्या नियमाबद्दल मात्र माझी तक्रार नाही.)

शब्दाच्या कलमावर मी घरी येऊन बराच वेळ धुसफुसलो. अरे, आम्ही कुठले? बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्यांचं शाकुंतल १८८० साली पुण्यात उभं राहिलं आणि मराठी माणूस पुढची कित्येक वर्षं नाटकाला नव्हे, गाण्याला जायला लागला. पद रंगलं की वन्स मोअर, मेलेलं पात्र उठून पुन्हा गाणार, तबला पुन्हा सुरू. लेखकाने काय लिहिलंय त्याची फिकीर कुणाला? त्याआधी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते उत्तर कन्नडातल्या कर्कीहून आलेल्या कानडी मंडळींचे खेळ पाहून. कुणी कुणाकडे परवाना मागितला? तिकडच्या चाली इकडे आल्या, इकडच्या तिकडे गेल्या, त्यातूनच सगळं उभं राहिलं. आमच्या नाताळच्या नाटकात तर दोन प्रवेशांच्या मध्ये कथेशी काडीचा संबंध नसलेलं कोंकणी गाणं व्हायचं, गोव्याच्या तियात्र या कोंकणी नाटकातल्या कांतारांसारखं, म्हणजे गाण्यांसारखं. गोव्याकडची कॅथलिक कुटुंबं पडद्यामागे होती, मग त्यांचं गाणं नको?

आणि सीतास्वयंवराचं साल बघा, १८४३. त्याच साली इथे इंग्लंडात थिएटर्स ॲक्ट झाला. नाटक आधी राजदरबारातल्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडे वाचायला द्यायचं, त्याने हो म्हटलं तर करायचं. देव आणि ख्रिस्त यांना रंगमंचावर आणायची तर सोयच नव्हती. हे सगळं सुटलं १९६८ साली! त्यातलीच एक सवय इंग्रज १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने आपल्याकडे ठेवून गेले. बायबलचंही तसंच. किंग जेम्स बायबल निघालं १६११ मध्ये, आणि ते इथे छापायचा हक्क अजून राजसत्तेकडे आहे. देवाच्या वचनालाही इथे मालक आहे, तर माझ्या एका ओळीचं काय घेऊन बसलात?

तालमीनंतरच्या चहाला मी थॉमस स्टीफन्सची गोष्ट काढली. इथून फार लांब नसलेल्या विल्टशरमधला माणूस, १५७९ मध्ये गोव्याला गेला, मराठी शिकला आणि दहा हजारांहून जास्त ओव्यांत ख्रिस्ताची कथा सांगितली. १६१६ साली ती रायतूरला छापली गेली. आमची भाषा हिऱ्यासारखी म्हणून गेलाय तुमचा माणूस, असं मी जरा छाती काढून सांगितलं. सगळ्यांना फार आवडलं. दिग्दर्शकाने विचारलं, त्याचं भाषांतर करून प्रयोग केला तर? सेक्रेटरीबाई म्हणाल्या, लेखक जाऊन ७० वर्षं उलटली असतील तर चालेल. इथे हिशेब तयार असतो.

हे सगळं मी फोनवर धाकट्या चुलतभावाला ऐकवलं. तो तिकडच्या तरुण संघाचं बघतो. तो म्हणाला, “दादा, ते राहू दे. तू ते नाटकच पाठव. मराठीत करून घेतो की.”

आता इथे मी कायद्याचं पुस्तक उघडलं. भांडायला मुद्दे हवे होते, हे मान्य. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२व्या कलमात चक्क लिहिलंय की हौशी मंडळाने तिकीट न लावता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर तो हक्कभंग नाही. म्हणजे आम्ही इतकी वर्षं मंडळीच्या हॉलमध्ये जे करत आलो ते चोरी नव्हतीच! मला इतका आनंद झाला की मी ते कलम सेक्रेटरीबाईंना पाठवलं. त्यांनी “किती समंजस कायदा” असं उत्तर दिलं, आणि खाली जोडलं की प्रयोगाची सूट म्हणजे भाषांतराची सूट नव्हे. बरोबर होतं. भाषांतराचा हक्क वेगळा, तो लेखकाकडेच.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, “तिथं बसून तुला कोण विचारणार आहे? इथं बेळगावात कंपनीचा माणूस येतोय काय बघायला?” मी नाटक पाठवलं नाही. मी साहेब झालोय असं त्याचं म्हणणं. झालो नाही. मी इकडे आलो म्हणून तिकडची नाटकं थांबली असंही नाही, ती त्याआधीच थांबली होती, हे त्यालाही माहीत आहे. पण परवान्याच्या कागदात आणखी एक कलम होतं, त्याच्यापुढे माझी सगळी किर्लोस्करी थंड पडली होती. ते त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही.

ते कलम जाहिरातीचं. पोस्टरवर, पत्रकावर, कार्यक्रमपत्रिकेवर, जिथे नाटकाचं नाव तिथे लेखकाचं आणि संगीतकाराचं नाव. अक्षराचा आकार ठरलेला, नाटकाच्या नावाच्या अमुक टक्के. अक्षरांची टक्केवारी आम्हा सीमेवरच्यांना नवी नाही. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आहे की नाही हे बघायला माणसं येतात. पण लेखकाचं नाव किती मोठं, हे कुणी मोजलेलं मी बेळगावात पाहिलं नव्हतं.

सरांची पत्रकं आठवून बघा. वर वचन. मग मंडळीचं नाव, मग पाळकसाहेबांचं, प्रमुख पाहुण्यांचं, देणगीदारांची यादी, मंडपवाल्याचं, लाउडस्पीकरवाल्याचं. नाटकाचं नाव मोठ्या लाल अक्षरांत. लेखक? नाही. सगळ्यांना माहीत होतं ना सरांनी लिहिलंय, मग छापायचं कशाला! शाळेतून दमून यायचे आणि रात्री आखीव वहीत लिहायचे. धनगरांची घोंगडी मागून आणायची कल्पना त्यांचीच. इथले मेंढपाळ डोक्याला भांडी पुसायचं फडकं बांधतात, आणि ती इथली मोठी लाडकी परंपरा आहे. आमचे मेंढपाळ खऱ्या घोंगड्यात, हातात खरी काठी, वासासकट. येशूला सरांनी कधी समोर आणलं नाही, फक्त उजेड आणि आवाज. इंग्लंडातल्या सरकारी भीतीपोटी नव्हे, त्यांना तेच योग्य वाटायचं म्हणून.

आणि त्या नाटकाची आम्ही काय दशा केली! दरवर्षी दिग्दर्शक बदलला की एक प्रवेश गेला. कुणी सिनेमाची चाल घुसवली. येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताच्या कामासाठी कुणाच्यातरी भाच्याला घ्यायचं म्हणून पिलाताला आणखी दोन पानं. सर मागच्या रांगेत बसून बघायचे. कधी बोलले नाहीत. आम्ही म्हणायचो, सरांचा स्वभावच मोठा. आता वाटतं, त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता, इतकंच. सेक्रेटरीबाई असत्या तर बोलल्या असत्या.

इथल्या लेखकाला मी कधी भेटणार नाही. आमच्या गावातल्या तीन संध्याकाळच्या प्रयोगांचे त्याला मिळालेले पौंड चहापाण्यालाही पुरले नसतील. पण त्याला माझी ओळ नको होती आणि त्याला नाही म्हणता आलं. ओळ चांगली होती हे मी अजूनही म्हणतो.

तर सध्या असं ठरलंय. भाऊ इंग्रजी नाटक सोडून सरांचंच पेत्राचं नाटक काढतोय, पुढच्या ईस्टरला. सर गेले, पण वह्या निपाणीला त्यांच्या मुलीकडे आहेत. ताईंना मी स्वतः फोन केला आणि परवानगी मागितली. त्यांना आधी कळेना कसली. मग म्हणाल्या, “घ्या की, त्यात विचारायचं काय?” मी म्हटलं, विचारायचंच. आणि मानधन पाठवायचं. त्यावर त्या हसल्या, मानधन घेणार की नाही ते बोलल्या नाहीत. शब्द बदलायचा झाला तर त्यांना कळवायचं, हे मी भावाकडून कबूल करून घेतलंय. तो कबूल झालाय, म्हणजे बेळगावच्या अर्थाने कबूल झालाय.

पत्रकाचा नमुना परवा व्हॉट्सॲपवर आला. वर कन्नड, खाली मराठी, नाटकाचं नाव लालच. सरांचं नाव तळाला, छापखान्याच्या पत्त्याच्या वर. मी लिहिलं, नाटकाच्या नावाखाली घे, आणि प्रमुख पाहुण्यांपेक्षा मोठं. लगेच उत्तर आलं: “दादा, वर घेतो. खरं पाहुण्यांपेक्षा मोठं नको, मंडपाचे पैसे त्यांचेच हैत.”