नंबराचा घोळ

फोटो टूर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. वीस-बावीस लोक पैसे भरून एका ठिकाणी जातात, सगळे एकाच जागी ट्रायपॉड लावतात, एकाच वेळी क्लिक करतात आणि मग घरी जाऊन आपापला फोटो कसा वेगळा आलाय हे एकमेकांना पटवत बसतात. मी पण त्यातलीच, उगाच वरून बोलत नाहीये. कोळशाच्या खाणीच्या रेल्वेचं वर्कशॉप आतून बघायला मिळणार म्हटल्यावर मी दुसरा विचारच केला नाही, घरच्यांना "बॉस्नियाला फिरायला चाललेय" एवढंच सांगितलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर प्रश्न फार आले असते.

तर गाव तुझ्ला. तुर्की भाषेत तुझ म्हणजे मीठ, त्यावरून हे नाव पडलं. गावाखाली मीठ आणि आजूबाजूला लिग्नाइट कोळसा, म्हणजे गाव बसलंय तेच मुळी खनिजांवर. इथल्या क्रेका खाणीचा कोळसा विजेच्या कारखान्यात जातो, आणि तो ओढायला एकविसाव्या शतकातसुद्धा वाफेची इंजिनं होती, हौसेसाठी जपलेली वगैरे नाही, रोजच्या कामाची. त्यांची दुरुस्ती व्हायची बुकिन्येच्या वर्कशॉपमध्ये. वाफेच्या इंजिनाचे वेडे जगभरातून तिथे जातात त्यामागे हे कारण. तसं बघितलं तर रेल्वे जन्मालाच आली ती खाणी-भट्ट्यांच्या पोटी. 1804 साली ट्रेव्हिथिक नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं इंजिन वेल्समध्ये पहिल्यांदा रुळांवर धावलं ते लोखंडाच्या कारखान्याच्या रुळांवर, स्टीफन्सनने 1814 मध्ये पहिलं इंजिन बनवलं ते कोळशाच्या खाणीसाठी. माणसं बसायला लागली ती नंतर. म्हणजे आम्ही गेलो ते एका अर्थी रेल्वेच्या माहेरीच.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास वाया. बाहेर लख्ख ऊन आणि आत काजळीने काळ्या झालेल्या भिंती, काळीच इंजिनं, वरच्या धुरकट काचांमधून येणारे चार कवडसे. कॅमेऱ्याला कळेना काय करायचं, खिडकी नीट दिसली की इंजिन गायब, इंजिन दिसलं की खिडकीचा पांढरा डाग. त्यात सुरक्षेसाठी सगळ्यांना नारिंगी जॅकेटं दिलेली. त्यामुळे कुठूनही फोटो काढा, फ्रेमच्या कोपऱ्यात एक नारिंगी काका वाकून लेन्स बदलतायत. "जरा बाजूला व्हा हो" हे मी त्या दिवशी तीन भाषांमध्ये शिकले. गंमत म्हणजे काम करणारी माणसं फ्रेममध्ये आलेली चालत होती, उलट हवीच होती, पण ती निळ्या कपड्यातली आणि शक्यतो तोंडाला काळं लागलेली. एका फिटरने मध्येच हात-तोंड धुतलं तर आमच्यातल्या दोघा-तिघांचे चेहरे पडले. काय म्हणावं या हौसेला.

मधल्या रुळावर एक मोठं इंजिन उघडं पडलेलं. समोरचं स्मोकबॉक्सचं, म्हणजे धूर जमतो त्या पेटीचं, दार सताड उघडं, आतून नळ्यांची भोकं दिसतायत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, चाकांना जोडणारे लांब दांडे काढून जमिनीवर लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलेले. हे जर्मन क्रीग्सलोक, म्हणजे युद्धासाठीचं इंजिन, क्लास 52. 1942 पासून बनवायला घेतलं. आधीच्या क्लास 50 मध्ये साधारण 6000 सुटे भाग होते, त्यातले हजारएक सरळ काढून टाकले आणि उरलेल्यांपैकी बरेचसे सोपे करून टाकले, कारण तांबं-पितळ पण कमी आणि वेळ तर त्याहून कमी. टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, आंघोळीच्या टबासारखा गोल बुडाचा. अशी सहा हजारांच्या वर इंजिनं काढली. युद्धापुरतं चाललं तरी पुष्कळ असा हिशोब, आणि युद्ध संपल्यावर त्यातली काही युगोस्लाव्हियात राहिली, तिथे त्यांना क्लास 33 म्हणायला लागले आणि पुढे देश गेला तरी इंजिनं चालूच. काही वस्तू बनवणाऱ्याचं ऐकतच नाहीत.

आता खरी गोष्ट. आमच्या ग्रुपमध्ये एक रिटायर्ड गृहस्थ होते, त्यांच्या बॅगेत लेन्सपेक्षा जड काहीतरी होतं हे मला बसमध्येच कळलं होतं, कारण ती बॅग उचलायला मीच मदत केली होती. निघाल्या नंबरप्लेट! जुन्या जर्मन रेल्वेच्या धर्तीवर बनवून घेतलेल्या, मागे चुंबक लावलेल्या. इंजिनावरचा युगोस्लाव्ह नंबर झाकायचा, त्यावर ही 52 नंबरवाली पाटी चिकटवायची आणि फोटो काढायचा, म्हणजे इंजिन "ओरिजिनल" दिसतं. यावर ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या. एक म्हणे हे खोटं आहे, हे इंजिन इथे 33 म्हणूनच जगलं, तोच त्याचा खरा नंबर. दुसरी म्हणे जन्माचं नाव ते खरं नाव. सासर-माहेरचाच वाद, फक्त जर्मन आणि इंग्रजीत. मी शहाणपणाने गप्प, कारण पाटी लावल्यावर फोटो मलाही हवाच होता.

तिथे एक वयस्कर फिटर होते, सगळे त्यांना मायस्तोर म्हणत होते. बॉस्नियन भाषेत मायस्तोर म्हणजे उस्ताद कारागीर. हा शब्द जर्मन माइस्टरचा भाऊ, दोघेही मूळ लॅटिन मॅगिस्टरचे. आणि आपला मिस्त्री आला पोर्तुगीज मेस्त्रेवरून, तो पण त्याच लॅटिन शब्दाचा नातू. हे आठवल्यावर मला ते काका एकदम ओळखीचे वाटायला लागले. मिस्त्रीच की! पान्याला टेकून उभं राहण्याची पद्धतही तीच, आणि सूचना करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायची नजरही.

तर मिस्त्रीकाका हा वाद थोडा वेळ ऐकत होते, भाषांतर करणाऱ्या पोराने त्यांना सांगितलं कशाबद्दल चाललंय ते. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. जमिनीवरच्या एका दांड्यापाशी गेले, चिंधीने त्याचं टोक पुसलं आणि टॉर्च धरला. लोखंडात ठोकलेला एक नंबर, त्यावर छिन्नीने मारलेली काट, शेजारी दुसरा नंबर. दुसऱ्या बाजूचा दांडा पुसला तर त्यावर तिसराच. इंजिनाचे दांडे-बिंडे खोलल्यावर कुठला कुणाचा हे कळावं म्हणून त्यावर इंजिनाचा नंबर ठोकून ठेवतात, आणि दांडा दुसऱ्या इंजिनाला गेला की जुन्यावर काट मारून नवा ठोकतात. मग त्यांनी बॉयलरवर हात थोपटला आणि त्या पोराला काहीतरी म्हणाले. पोरगा हसून म्हणाला, बॉयलर पण दुसऱ्याचा आहे.

हे तसं काही जगावेगळं नाही. वाफेच्या इंजिनाला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो बॉयलरच्या दुरुस्तीला, त्यामुळे मोठ्या वर्कशॉपमध्ये जास्तीचे बॉयलर तयार ठेवायचे, इंजिन आलं की जुना उतरवायचा, तयार असलेला चढवायचा आणि इंजिन परत कामाला. उतरवलेला बॉयलर दुरुस्त होऊन पुढच्याला. नंबर राहतो तो खालच्या सांगाड्याशी. आणि खाणीच्या रेल्वेला नवे सुटे भाग कोण देणार, बनवणारे कारखाने त्या धंद्यातून कधीच बाहेर पडलेले, मग एक इंजिन कोपऱ्यात उभं करायचं आणि त्याच्या अंगावरचं एकेक काढून बाकीची चालवायची. मागच्या अंगणात असं एक उभं होतंच, चाकं अर्धी गवतात, डोळ्यांच्या जागी दिव्यांची भोकं.

मला गोधडी आठवली. आजीच्या लुगड्याचा तुकडा, कुणाच्या तरी शर्टाची बाही, मध्ये एक पोतं, आणि अख्ख्या घरात कुणी विचारत नाही की ही मूळ कशाची. फार तर विचारतात, कुणाची? म्हणजे पांघरतं कोण.

चुंबकवाल्या गृहस्थांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तरीही पाटी लावलीच. मिस्त्रीकाकांनी उलट त्यांना ती सरळ लावायला मदत केली, दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा बारीक करून, डावीकडे जराशी, हां. मला वाटलं ते चेष्टा करतायत, पण नाही, पाटी तिरकी राहिलेली त्यांना बघवत नव्हती एवढंच.

दुपारी बाहेर वाफेवर असलेलं दुसरं इंजिन आमच्यासाठी पुढे-मागे केलं. तिथे "धूर, धूर" असा गिल्ला. काळा धूर म्हणजे कोळसा नीट न जळता वाया चाललाय, चांगला फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, धूर होऊ देत नाही, म्हणजे आम्ही त्या माणसाला पैसे देऊन त्याचं काम मुद्दाम वाईट करायला सांगत होतो. त्याने केलं बिचाऱ्याने. पांढऱ्या वाफेचं मात्र तसं नाही, थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही, ते आत राहिलं तर सिलिंडरचं झाकण उडू शकतं, म्हणून सुरुवातीला खालचे कॉक, म्हणजे तोट्या, उघडून ते बाहेर फेकतात. तो फुस्स करून सुटलेला पांढरा ढग एकदम खरा होता, आणि नेमका त्याच वेळी माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले. माझी सवय आहे, प्रत्येक इंजिनाच्या नंबराचा एक फोल्डर. इथे अडकले. पाटीवरचा नंबर घालू तर तो बॅगेतून आलेला, सांगाड्याचा घालू तर फोटोत निम्म्याहून जास्त बॉयलरच दिसतोय, आणि दांड्याच्या क्लोजअपमध्ये झूम केल्यावर काट मारलेल्या नंबराच्या खाली अजून एक पुसट काट दिसली, तिच्याखालचे आकडे काही लागत नाहीत. सगळे फोटो अजून "न्यू फोल्डर 2" मध्येच पडलेत.