खारबंदिस्तीच्या पुढचा चिखल

आज ओहोटीत खाडीकाठी कांदळाची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडाची, लावणी झाली. शेंगेचं (झाडावरच कोंब फुटलेलं लांब बी) टोक खाली, साधारण तिसरा हिस्सा चिखलात, दोन शेंगांत दीडेक मीटर अंतर. हात लवकर बसतो.

चुकतं ते जागेत. मोकळी दिसते म्हणून अगदी खालच्या चिखलात लावणी केली, की रोप बराच वेळ पाण्याखाली राहतं, गुदमरतं. शिंपले-कालवं चिकटून वजनाने आडवं होतं. समुद्राच्या सरासरी पातळीच्या वरची जागाच धरायची. आणि भराव घालून भरतीचं पाणी अडवलं असेल तर लावणी थांबवून आधी चर मोकळे करा. तिवराची (हीसुद्धा खारफुटीच) श्वासमुळं, म्हणजे चिखलातून वर येऊन हवा घेणारी मुळं, साचलेल्या पाण्यात बुडून राहिली तर वाढलेली झाडंही मरतात. पाणी खेळतं झालं, की बी बरेचदा आपसूक येतं, मग लावणीची गरजही उरत नाही.

खारफुटीच्या शंभर मीटर रुंद पट्ट्यात लाटांची उंची 13 ते 66 टक्के उतरते. वादळी उधाणाची पातळी मात्र किलोमीटरमागे 5 ते 50 सेंटिमीटरच. म्हणून खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारा बांध, हवाच, पण त्याच्या पुढचे तिवर तोडले तर लाट थेट बांधाच्या पायथ्याशी खणते. ते तोडू नका, कळकळीची विनंती.