मागच्या दारातली सुकट

लंडन, मंगळवार. बारा वाजायला आलेत. नीलू कधीच झोपली. मी जागी आहे ती एका "अच्छा"पायी.

रात्री जेवायला गेलो त्या "इंडियन" हॉटेलात हात धुवायला मागे गेले होते. भटारखान्याचं दार अर्धवट उघडं होतं आणि तिथून वास आला. सुकटीचा. यात माझी चूक होणं शक्य नाही. तेलात लालसर झालेला कांदा, ठेचलेला लसूण, त्यावर पडलेली सुकी मासळी. हे नाकाला आधी कळतं, डोक्याला मागाहून. वाढणाऱ्या चाचांना विचारलं, "अंदर क्या बन रहा है?" ते ओशाळले. "शुटकी," म्हणाले. "वो आप लोग के लिए नहीं, वो हमारा खाना है." आणि पायाने ढकलून दार लावून घेतलं.

मी म्हणाले, "अच्छा." आणि जागेवर येऊन समोरची नारिंगी गोवन फिश करी संपवली.

एवढंच झालं. यात जागण्यासारखं काय आहे ते शोधतेय.

आधी त्या करीचा निकाल लावते. गोव्याच्या हुमणाला लागतं काय? ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद, लसूण गंधासारखं बारीक वाटायचं. आंबटाला चिंच किंवा सोलं. बांगडा असेल तर ठेचलेली तिरफळं. मासा पडला की पळी फिरवायची नाही, भांडंच दोन्ही कानांना धरून हलवायचं. आमच्या पुढ्यात आला तो कांदा-टोमॅटोचा गुळमट रस, त्यात नारळाची कोरडी पूड, वर क्रीमची नक्षी, आणि वेगळे शिजवून मग सोडलेले पांढऱ्या माशाचे चौकोनी तुकडे. नीलूचा कोर्मा आणि माझी करी यांत फरक रंगाचा. हे मला बाहेर लावलेला मेन्यू वाचून कळायला हवं होतं. कळलंही होतं. दुखणं ते आहे.

कारण तो मेन्यू म्हणजे पाढा होता. उभ्या रांगेत चिकन, लॅम्ब, प्रॉन, भाजी; आडव्या रांगेत कोर्मा, भुना, दोप्याझा, धनसाक, मद्रास, विंदालू, फाल. असा तक्ता दिसला की समजायचं, आत एकच मोठं पातेलं आहे. इथल्या जुन्या वळणाच्या करी हाउसांची रीत अशी: पोतंभर कांदा, थोडं गाजर, कधी कोबी, आलं-लसूण, हळद आणि भरपूर तेल पाण्यात दीड-दोन तास उकळायचं, गाळ होईस्तोवर फिरवायचं आणि दुधाइतकं पातळ करून ठेवायचं. ही बेस ग्रेव्ही. चिकन आणि मटण आधीच अर्धंअधिक शिजलेलं असतं. ऑर्डर आली की मोठ्या जाळावर तेल, आलं-लसणाचा चमचा, तयार मसाल्याची पूड, टोमॅटोची पेस्ट, दोन डाव ग्रेव्ही. पाच-सात मिनिटांत ताट बाहेर. कोर्मा झाला कारण खोबरं, साखर आणि क्रीम पडलं. मद्रास झाला कारण लाल तिखट वाढलं. चेन्नईत त्या नावाचा पदार्थ मागून बघा. विंदालूची गंमत तर बघवत नाही. पोर्तुगीजांचा व्हिनेगर-लसणातला पदार्थ गोव्यात रुजला, आणि इथे त्यात बटाटे पडले, बहुधा शेवटच्या "आलू"मुळे. धनसाकात अननस. पारशी माणसाने कुठे तक्रार करावी?

स्वयंपाक म्हणून ही पद्धत वाईट नाही, हेही लिहायला हवं. दहा बाय बाराच्या जागेत दोन माणसं रात्रीत शंभर ताटं काढतात. फक्त तिथे हुमण मागू नये.

मी मागितलं. पाऊस होता, दहा वाजून गेले होते, नीलूचे पाय दुखत होते, आणि इथे बऱ्याच हॉटेलांचे भटारखाने साडेदहाला बंद होतात, दाराबाहेर वेळ अकराची लिहिलेली असली तरी. दुपारचं तर आणखी अवघड. अडीच-तीनला गॅस बंद, तो साडेपाचला पेटतो. चारला भूक लागणं हा इथे गुन्हा आहे. तीन दिवस हेच चाललंय. काल रात्री चीजचं थंड सँडविच खाल्लं, पलंगावर बसून, नीलूकडे पाठ करून, कारण रडू येत होतं आणि कारण सँडविच आहे हे तिला सांगायची लाज वाटत होती. पन्नाशी उलटलेली बाई भातासाठी रडते. असो.

आणि निघायच्या आधी सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मीच. रेखाला तर फोनवर तासभर. शहराच्या मधोमध शोधूच नकोस, म्हटलं. आधी बघ कुठे कोण राहतं. साउथॉल पंजाब्यांचं, एलिझाबेथ लाइनने जा, तिथे तंदूर आणि छोले. डोसा मागू नकोस. वेम्ब्लीचा ईलिंग रोड गुजरात्यांचा, पिकॅडिली लाइनवर अल्पर्टनला उतर. टूटिंग आणि ईस्ट हॅममध्ये तमिळ आणि मल्याळी, तिथे रसम, पुट्टू, मीन करी. व्हाइटचॅपलला पाकिस्तानी पंजाब्यांच्या शेगडीवरच्या चॉप. हाउन्स्लोला मराठी पोरांनी 2010 मध्ये काढलेलं श्रीकृष्ण वडापाव, विमानतळाच्या वाटेवरच. आणि वडापाव खाताना आधी पाव दाबून बघ. इथला बन अंडं-लोणी घातलेला गोड असतो, त्यात वडा म्हणजे केकमध्ये भजी.

तारे मोजू नकोस, हेही सांगितलं. कमी तारेवाल्यांची रडगाणी वाच. "फार तिखट", "वाढप्याला इंग्रजी कळेना", "क्रीम कमी", "शेजारी मोठ्याने बोलत होते" अशा तक्रारी असतील तर डोळे मिटून जा. "शिळं", "पोट बिघडलं" असेल तर नको. लोकांनी टाकलेले फोटो बघ, हॉटेलने टाकलेले नव्हे. तीन वेगळ्या भाज्यांवर एकच रंग आणि एकच तवंग दिसला की पुढचं हॉटेल. दारावर स्वच्छतेचं हिरवं स्टिकर असतं, शून्य ते पाच. इंग्लंडमध्ये ते लावायची सक्ती नाही, म्हणजे ज्याने लावलं नाही त्याला न लावायचं कारण असू शकतं.

आत गेल्यावर नान नको, तंदुरी रोटी मागायची. नान पाकिटातला गरम करून देता येतो, कणकेची रोटी तंदुराशिवाय जमत नाही. डाळ साधी मागायची. साध्या डाळीला लपायला जागा नसते. दाक्षिणात्य ठिकाणी मसाला डोशाच्या नादी न लागता इडली. आपल्याकडे रात्रभरात फुगणारं पीठ इथल्या थंडीत अठरा-वीस तास घेतं, घाईवाले सोडा मारतात. मग इडली दिसायला कापूस, पण तिला आंबूसपणा नाही, आणि चटणी संपली की जिभेवर सोडा उरतो. पापड आणि चटण्यांचं तबक न मागता येतं, ते फुकट नसतं. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं, ते ऐच्छिक असतं. पाणी नळाचं मागायचं. दारूचा परवाना असलेल्या हॉटेलला ते फुकट द्यावंच लागतं.

आणि सगळ्यात शेवटी रेखाला काय म्हटलं होतं, ते आत्ता आठवलं आणि कपाळावर हात मारला. म्हटलं, "काहीच कळेना तर विचार, आज तुम्ही स्वतः काय जेवणार? आणि तेच माग."

मी विचारलं. उत्तरही मिळालं. मग "अच्छा" कुठून आलं?

आप्पांनी स्ट्रँड रस्त्यावरचं इंडिया क्लब हे जेवणाचं ठिकाण सांगितलं होतं, जिना चढून जायचं ते. 1951 पासूनचं. ते 2023 च्या सप्टेंबरात बंद झालं. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. ड्रमंड स्ट्रीट आमच्या हॉटेलपासून पाच मिनिटांवर, युस्टन स्टेशनच्या कडेला, शाकाहारी भेळपुरीवाल्यांची जुनी गल्ली. पण मला मासेच हवे होते.

चाचा बांगलादेशातल्या सिल्हेटचे. त्यांनी सांगितलं नाही, पण इथली बहुसंख्य "इंडियन" हॉटेलं त्यांच्याच लोकांनी उभी केली. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेटची माणसं खाली बॉयलरपाशी कोळसा ओढायची. लंडनच्या गोदीत त्यातली काही उतरली ती परत चढलीच नाहीत. आमच्या रत्नागिरीकडचे खलाशी मुंबईच्या बोटींवर डेकवर असत, आणि बोटीच्या भटारखान्यात गोवेकर. म्हणजे हुमण येणारा माणूस वर होता आणि हॉटेल काढलं ते तळातल्याने. त्याने गोऱ्यांना जे आवडेल ते रांधलं आणि स्वतःचं जेवण मागे ठेवलं. तसं हे जेवण आपल्यासाठी कधीच नव्हतं. इथलं पहिलं हिंदुस्थानी खाणावळघर 1810 चं, पोर्टमन स्क्वेअरजवळचं. काढलं पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदने, पण गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांपुढे होते हिंदुस्थानातून परतलेले साहेब. हुक्कासुद्धा ठेवला होता. दोन वर्षांत दिवाळं.

मग मी चाचांवर का चिडले होते? चिडले होते थोडी. "आप लोग" म्हणाले म्हणून. मला त्या शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यात धरलं त्यांनी, वाइन पीत कोर्मा खाणाऱ्या. अहो, मी सुकटवाली आहे. शुटकी आणि सुकट, शब्दसुद्धा एका घरातला. त्यांची "लोइट्टा शुटकी" म्हणजे आपला सुका बोंबीलच. हाच बोंबील इथल्या जुन्या मेन्यूंवर "बॉम्बे डक" नावाने असे. 1997 मध्ये युरोपच्या नियमांमुळे तो यायचा बंद झाला, तर लोकांनी मोहीम काढून परत आणला. गोऱ्यांनी मोहीम काढली आणि मला "मुझे भी दीजिए" एवढे तीन शब्द निघाले नाहीत.

लाज. दुसरं काही नाही.

डोंबिवलीत सुकट भाजायची तर मी आधी खिडक्या लावते, दाराखाली ओलं फडकं सरकवते, मग तवा. समोरच्या काकू काही बोलत नाहीत, फक्त जिन्यात उदबत्ती लावतात. वीस वर्षं हे चाललंय. तर आज रात्री त्या वाइनवाल्या टेबलाशेजारी सुकटीची वाटी मागवायची, ती यायची, वास सुटायचा, ते वळून बघणार... हे सगळं "अच्छा" म्हणायच्या आधी, अर्ध्या क्षणात डोक्यातून गेलं असणार. चाचांनी पायाने दार ढकललं ते मी ओळखलं. मीही तसंच ढकलते.

आणि अस्सल-अस्सल म्हणून बाहेर छाती पिटायची.

बरं, घरी तरी काय अस्सल खाते? शनिवारी स्टेशनजवळच्या शेट्टींकडे जातो तेव्हा दर वेळी व्हेज कोल्हापुरी. कोल्हापुरात कोणाच्या घरी व्हेज कोल्हापुरी करतात, दाखवा मला. शेट्टींच्या भटारखान्यातही तीन पातेली: लाल, पिवळी आणि काजू-मगजाची पांढरी. लाल अधिक तिखट म्हणजे कोल्हापुरी, पांढरी अधिक पनीर म्हणजे शाही, दोन्ही अर्धी-अर्धी म्हणजे मखनवाला. हाच पाढा. उडुपीकडचा माणूस आम्हाला पंजाबी म्हणून काहीतरी वाढतो, आम्ही बोटं चाटतो, आणि तो आत मच्छी करी आणि उकड्या तांदळाचा भात जेवत असणार. पंजाब्यांनी ते मखनवाला बघितलं तर साउथॉलपर्यंत हंबरडा ऐकू येईल. शेट्टींना मी आजवर कधी विचारलं नाही की तुम्ही मागे काय जेवता. चाचांना निदान विचारलं तरी.

नीलूला मघाशी सांगायला गेले तर ती म्हणाली, "ताई, कोर्मा छान होता गं." घ्या.

उद्या टूटिंगला जायचं ठरवलंय, इथून नॉर्दर्न लाइन थेट आहे. दुपारी, साडेबाराच्या आत, म्हणजे भात ताजा असेल.

सव्वाबारा झाले. गिऱ्हाईक संपून, खुर्च्या उलट्या ठेवून झाल्या असतील. आता बसले असतील जेवायला. भात असणारच बरोबर.